नाव घेतल्याशिवाय खिंड उतरू नये

वेळूरची खिंड चढून वर आलं, की वाटेच्या ऐन मध्यावर एक दगड आडवा येतो. तसा उभाच आहे, पण आडवा येतो असंच म्हणावं लागतं, कारण त्याला वळसा घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या खांद्याला लागेल एवढा उंच. त्यावर एक माणूस कोरलेला आहे: धोतर गुडघ्यावर खोचलेलं, एक हात तोंडाशी धरलेला, हाळी घालताना धरतात तसा. देव असो की वीर असो, जिथे जायचं तिकडे तोंड करून उभा असतो. हा मात्र ठाणेगावाकडे पाठ करून, आपण आलो त्या चढणीकडे बघत उभा आहे. म्हणून त्याचं नाव पाठमोरा.

रस्त्याच्या कामावर आलेल्या लोकांनी एकदा, हा उलटा बसलाय असं समजून, त्याला फिरवून सरळ केलं होतं. सकाळी तो पुन्हा मागे बघत होता, असे सांगतात. खिंडीतला दगड सांभाळणारे शिदूअण्णा गुरव यावर एवढंच म्हणतात, "आपोआप फिरला. माझी कंबर तेव्हापासून दुखते, तो भाग वेगळा."

आमचं वेळूर धावक मंडळ दर रविवारी सकाळी याच वाटेने पळतं. गावातून चढ, मग खिंड, मग पलीकडचा उतार आणि खाली ठाणेगावात पोहे. या वर्षी मंडळाने नव्या सभासदांसाठी आचारनियम लिहायचं काम माझ्यावर टाकलं. मी लिहिले. कानात काही घालून खिंड चढू नये. सगळे पोचेपर्यंत पाठमोऱ्यापासून कोणी खाली उतरू नये. आणि कॉलेजात हजेरीला देतात तशी दुसऱ्याची ओ इथे देऊ नये. ग्रुपवर टाकले, तर खाली अंगठेच अंगठे आले. पुढच्याच रविवारी तेच अंगठेवाले कानात बोंडं घालून माझ्या शेजारून असे सुसाट गेले की मी दचकून बांधावरच चढले. ते थांबले ते थेट पोह्यांच्या बशीपाशी. नियम वाचतं कोण, एवढंच मला कोणी सांगावं. तेव्हा ते नियम राहू द्या. ते ज्या गोष्टीतून आले ती लिहिते, अण्णा पाठमोऱ्यापाशी बसून नव्या माणसांना सांगतात तशी.

अण्णांनाही हल्ली धड ऐकणारे मिळत नाहीत. आमच्यात सगळ्यांत जोरात पळणारा पराग एकदा त्यांना म्हणाला होता, "अण्णा, थोडक्यात सांगा ना, घड्याळ चालू आहे."

अण्णांनी त्याच्या मनगटाकडे बघितलं. "मग तू जा. घड्याळ ठेवून जा, त्याला सांगतो."

तर फार पूर्वी (कोणाच्या राज्यात, ते अण्णा दर वेळी निराळं सांगतात) वेळूरचे लोक टपाल पळवत असत. पेठेहून आलेली थैली वेळूरच्या जासुदाने घ्यायची, पळत खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या ठाण्यात पोचती करायची. या कामाच्या बदल्यात गावाला वेठ माफ होती म्हणे. खिंडीत तेव्हा दाट रान होतं आणि रानात जनावर होतं. म्हणून जासूद एकटा जात नसे, जोडी जाई. पुढच्याकडे थैली, मागच्याकडे कुऱ्हाड. पुढच्याने खिंडीत पोचलं की मागे वळून हाळी घालायची, "आलोऽऽ". मागच्याने जिथे असेल तिथून ओ द्यायची, "आलोऽऽ". ती ओ कानावर पडली की मगच पुढे उतरायचं, अशी रीत.

नावाने हाक मारत नसत. रानात नाव घेऊ नये, चकवा ते नाव उचलतो आणि त्या नावाने माणसाला दरीत नेतो, असा समज. शिवाय जोडीत एक थोरला आणि एक धाकटा असायचा. धाकट्याने थोरल्याचं नाव कसं घ्यावं? तेव्हा 'आलो' बरं होतं. त्यात कोणाचा मान जात नव्हता आणि कोणाचं नावही जात नव्हतं.

अशी एक जोडी होती सुभाना आणि मायाजी. चुलतभाऊ. सुभाना थोरला, मायाजी धाकटा. मायाजी पळाला तर पायाखालचा पाचोळा वाजत नसे, असे सांगतात. सुभाना दमाने पळणारा. चढावर त्याचा श्वास त्याच्या आधी वर पोचायचा, पण तो कधी मध्येच थांबला असं झालं नाही.

वाट बघायचा कंटाळा यायचा तो मायाजीला. रोज खिंडीत पोचायचं आणि रोज थांबायचं. अंगावरचा घाम वाऱ्याने गार व्हायचा, तापलेले पाय आखडायचे, आणि मागून दादाची ओ काही येत नसे. खाली ठाण्याचा अंमलदार रोज टोचून बोलायचा, "थैली पळत येते की पालखीत बसून?" त्यावर मायाजी काय सांगणार? भाऊ हळू पळतो, असं परक्याच्या दारात सांगायचं? तो घरी येऊन दादावर चिडे.

"दादा, जरा पाय उचलत जा की."

"उचलतोच की रं," सुभाना म्हणे. "तुझ्याएवढा उचलला तर खाली कधी ठेवू?"

सुभानाची बायको गोजरा चुलीपाशी बसून हसत असे. मायाजीला मात्र हसू येत नसे.

एकदा आश्विनात अंमलदार चारचौघांत मायाजीला नाही नाही ते बोलला. वेळूरचे पाय गेले असतील तर वेठीला हात तरी पाठवा, म्हणाला. तो सल घेऊन मायाजी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. दाट धुकं होतं. हात लांब केला तर बोटं दिसू नयेत असं. आणि वारा पडलेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, असं अण्णा इथे थांबून सांगतात. वेळूरच्या खिंडीत बारा महिने वारा असतो, तो लांबचा आवाज उडवून नेतो, जवळचाच काय तो ऐकू येतो. त्यामुळे डावीकडचा कावळकडा बोलतो, हे तोवर कोणाला माहीतच नव्हतं.

मायाजी खिंडीत पोचला. मागे वळला आणि त्याने हाळी घातली, "आलोऽऽ".

धुक्यातून लगेच ओ आली, "आलोऽऽ".

मायाजीला आनंद झाला, असे सांगतात. आज दादाने पाय उचलले, असं त्याला वाटलं. तो मागे न बघता खिंड उतरला. ठाण्यात पोचला तेव्हा अंमलदार दाराशी उभा होता. "शाबास! आज कशी रं वेळेवर आली थैली?" मायाजीने मान वर करून सांगितलं, "आज दादा मागंच हाय माझ्या." आणि तो दाराशी बसून दादाची वाट बघू लागला.

धुकं विरलं, ऊन पडलं, दारातली गर्दी येऊन गेली. सुभाना आला नाही.

सुभाना खिंडीच्या अलीकडे, उजव्या अंगाला, करवंदीच्या जाळीखाली घळीत पडला होता. ओल्या दगडावरून पाय सटकला, तो खाली गेला आणि पाय मोडून दोन दगडांत अडकला. मायाजीची हाळी त्याला ऐकू आली होती. त्याने ओ दिली, "आलोऽऽ", आणि समोरून परत आलं, "आलोऽऽ". त्याला वाटलं, मायाजीने ऐकलं, मायाजी येतोय. तो निवांत पडून राहिला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा हाक दिली. पुन्हा तेच, "आलोऽऽ". येतो म्हणतोय आणि येत नाही. सुभाना पडल्या पडल्या मायाजीवर चिडला म्हणे. जन्मभर ज्याने पाय उचल, पाय उचल म्हणून जीव खाल्ला, तो आज कुठे रेंगाळतोय?

इकडे मायाजी उलट पावली खिंडीत आला. हाळी घातली. डावीकडून ओ आली. तो डाव्या उतारावरून धावत गेला. तिथे कोणी नव्हतं. पुन्हा हाळी, पुन्हा डावीकडूनच ओ. अखेर तो गावात पळत गेला आणि सगळा गाव खिंडीत आला. गोजराही आली. जो तो "आलो" म्हणून ओरडायचा आणि ओ आली की कावळकड्याच्या बाजूला धावायचा. त्यातल्या किती ओ कड्याच्या होत्या आणि किती खरंच सुभानाच्या होत्या, ते आज कोण सांगणार? माणसं खरचटली, हातापायांत काटे भरले, हाती काही लागलं नाही. दुपार कलली तसे म्हातारे कुजबुजू लागले. "हा सुभाना न्हवं. चकवा हाय ह्यो. ह्याच्या मागं लागाल तर गाव मोकळं हुईल. चला माघारी."

माणसं वळायला लागली. गोजरा वाटेच्या मधोमध उभी राहिली, आज जिथे पाठमोरा आहे तिथेच.

"भावजी," ती मायाजीला म्हणाली, "यांना सोडून तुम्ही उतरलात कसे?"

"सोडलं न्हाई वैनी. दादानं ओ दिली."

"कुठनं?"

मायाजीने कावळकड्याकडे हात केला.

"तिकडं वाट हाय?"

मायाजीने हात खाली घेतला.

"आवो वाट न्हाई तिकडनं माणूस ओ कसा दील? सकाळधरनं मी हेच इचारतीया. कुणी ऐकतंय का माझं? जो उठतो तो आलो आलो करतोय. आला कोण?"

"दिली वैनी. देवाशपथ ओ दिली."

आतापर्यंत आवरून धरलेला तिचा संताप तेव्हा सुटला. ज्याला एवढी वर्षं भावजी म्हणून अहोजाहो केलं, त्याच्या तोंडावर ती ओरडली, "मेल्याऽऽ!"

आणि कड्याने उत्तर दिलं, "मेल्याऽऽ!"

सगळे जागच्या जागी थिजले. गोजरा स्वतःच एवढी दचकली की तिच्या हातातली काठी पडली. तो आवाज सकाळच्या ओच्या ठिकाणाहूनच आला होता, पण तो सुभानाचा नव्हता, चकव्याचाही नव्हता. तो तिचाच होता. सकाळी ओ कोणी दिली, ते मायाजीला तेव्हा कळलं.

"ह्याच्याजवळ सोताचं काय बी न्हाई," गोजरा म्हणाली. "आपण घालू तेच वाढतोय माघारी." आणि मग तिला सुचलं. हाळी आणि ओ एकच असेल तर कडा फसवणारच. कड्याला ठाऊक नाही असं काही पलीकडून आलं, तरच तो माणूस.

तिने तोंडाशी हात नेला तशी एका म्हातारीने तिचा दंड धरला. काय करणार ते तिने ओळखलं होतं. "अगं, नाव घेतीस? नवऱ्याचं आयुष्य घटतं!"

तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात एकदा घ्यायचं, तेही उखाण्यात गुंडाळून.

गोजराने दंड सोडवून घेतला. "किती ऱ्हायलंय त्याचं आयुष्य, म्हातारे? सांजंपतोरचं. घटलं तर घटू दे."

आणि तिने उघडं नाव घेतलं, "सुभानाऽऽ".

कड्याने ते उचललं, "भानाऽऽ". म्हातारीने डोळे मिटून घेतले. मग उजव्या अंगाने, जिकडे दिवसभर कोणी पाऊल टाकलं नव्हतं तिकडून, अगदी बारीक आवाज आला.

"गोजरेऽ".

कड्याला गोजरा माहीत नव्हती.

घळीतून सुभानाला वर काढलं तेव्हा तो तापाने फणफणला होता. बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकल्यावर आपण मेलोच अशी त्याची खात्री झाली होती म्हणे. पण मायाजी दिसताच म्हणाला, "सकाळधरनं आलो आलो म्हंतुयास, बसला हुतास कुठं?" मायाजीला रडू फुटलं. त्या एका वाक्याचं उत्तर त्याला पुढे जन्मभर देता आलं नाही, असे सांगतात.

सुभाना जगला, पण त्याचा पाय पळण्याजोगा राहिला नाही. मायाजीने गोजराच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली, की यापुढे मी थैली घेणार नाही, कुऱ्हाड घेईन. पंचक्रोशीत सगळ्यांत जोरात पळणारा माणूस त्या दिवसापासून सगळ्यांच्या मागे पळू लागला. आणि गावाने रीत बदलली. पुढच्याने खिंडीत मागे वळायचं आणि मागच्याचं नाव घ्यायचं. मागच्याने पुढच्याचं नाव घेऊन ओ द्यायची. थोरला असो, धाकटा असो, नाव घ्यायचं. अंमलदार ओरडला तर ओरडू द्यायचा.

म्हातारपणी पाय थकले तेव्हा मायाजी खिंडीतच येऊन उभा राहू लागला. चढणीकडे तोंड करून, येणाऱ्या प्रत्येक जोडीतल्या मागच्याची वाट बघत. एका आश्विनात सकाळी जोडी वर आली, तर मायाजी नव्हता आणि त्याच्या जागी दगड होता, असे सांगतात.

इथे कोणीतरी विचारतंच, "अण्णा, माणसाचा दगड झाला, का दगडात माणूस कोरला?"

"ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा," अण्णा म्हणतात. "तोंड कुठं आहे तेवढं बघून घ्या."

आता परवाच्या रविवारचं सांगते आणि संपवते. धुकं फार नव्हतं, पण वारा पडलेला होता. पराग नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी खिंडीत पोचला. मी शेवटची, मीच असते. दुसऱ्या वळणावर होते तेव्हा वरून त्याचा आवाज ऐकू आला, "आले का सगळेऽऽ?" कावळकडा म्हणाला, "सगळेऽऽ". आणि मंडळी उतरली. मी धापा टाकत वर आले तर खिंड रिकामी. अण्णा पाठमोऱ्याला शेंदूर लावत बसले होते. नियम मी लिहायचे, अंगठे यांनी द्यायचे आणि रानात एकटं मीच राहायचं. मला भयंकर संताप आला होता.

"हाक मार," अण्णा मागे न बघताच म्हणाले.

"मला मोठ्याने ओरडता येत नाही, अण्णा."

"गोजराला तरी कुठं येत होतं?"

मी तोंडाशी हात नेला आणि ओरडले, "परागऽऽ!"

कड्याने परत दिलं, "रागऽऽ!"

मी दचकले. अण्णा खुदकन हसले. "बघ, आज त्यानं बरोब्बर ऐकलं."

थोड्या वेळाने खालून आलं, "ओऽऽ".

"ही धरायची नाही," अण्णा म्हणाले. "नाव येऊ दे."

आम्ही थांबलो. मग परागचाच आवाज, जरा चाचरत, "कोण आहेऽऽ?"

पाडव्यापासून मी दर रविवारी त्याच्या मागे पळते आहे.

तो उतार पुन्हा चढून वर आला. पोहे टाकून आला असावा, हाताला हळद लागली होती. घड्याळ चालूच होतं; ते त्याने बंद केलं. पाठमोऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, मग अण्णांकडे, मग माझ्याकडे. अण्णांनी शेंदराचा द्रोण बाजूला ठेवला. शेवटी परागने विचारलं, "सॉरी. तुझं नाव काय?"

आजही पाठमोरा खिंडीत मागे तोंड करून उभा आहे, तोंडाशी हात धरून. आजही वारा पडला की कावळकडा ज्याला त्याला हवी ती ओ देतो, आणि आजही ती खरी मानून उतरणारे उतरतात. रीत मोडलेली नाही, पाळणारे कमी झालेत. त्या दिवशी परागला मी माझं नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर वाचाल आणि खाली अंगठा द्याल. रविवारी खिंडीत या, मागे वळा आणि विचारा.